लिंबाला मज्जाव

खोली पाहायला गेलो तेव्हा माझ्या खिशात एक लिंबू होतं, आणि त्या लिंबापायी बंगळुरात पहिल्याच दिवशी माझ्यावर रस्त्यावर झोपायची पाळी येणार होती.

मला बस लागते, म्हणून बेळगावहून निघताना आईने ते हुंगायला दिलेलं. चिकपेटेच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या गाठी आणि हमालांची कोपरं चुकवत मी पत्ता शोधला आणि दार वाजवलं. दार उघडलं एका उंच, काटकुळ्या गृहस्थाने. धोतर पांढरंशुभ्र, सदरा पांढराशुभ्र, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत काळेकुट्ट. मी नमस्कार करायच्या आत त्यांनी नाक वर करून दोनदा हवा हुंगली.

"खिशात काय आहे?"

"लिंबू."

"बाहेर!"

मी मुकाट वळकटी उचलली.

"तुम्ही नाही. ते!"

मग स्वतः सोबत येऊन, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या कचऱ्याच्या ढिगात त्यांनी मला ते लिंबू टाकायला लावलं. परत आल्यावर अंगणातल्या नळावर माझे हात धुवून घेतले, ते पुन्हा हुंगून पाहिले आणि म्हणाले, "सरी, ठीक. आता भाड्याचं बोलू. पण आधी सांगा, आवाज कसा आहे तुमचा? मागच्या रांगेपर्यंत पोचतो?"

असे माझे घरमालक. सगळी पेट, म्हणजे आपली पेठ, त्यांना 'मेष्ट्रु' म्हणे. कानडीत मेष्ट्रु म्हणजे मास्तर. शाळेत त्यांनी आयुष्यात कधी शिकवलं नव्हतं. मात्र पेटेतल्या मराठी मंडळींचं उत्सवातलं नाटक दरवर्षी तेच बसवत, आणि त्यात भाला धरून उभं राहणाऱ्यालाही असं पिळून काढत, की गल्लीतले अर्धे लोक त्यांना पाहून अजून शाळेतल्यासारखे ताठ उभे राहत.

लिंबाबद्दल गल्लीत निरनिराळ्या कथा होत्या. कुणी म्हणे, त्यांच्या आज्यावर कुणीतरी लिंबू उतरून टाकलं होतं. कुणी म्हणे, कुणा बुवाने सांगितलंय. त्या घरात आंबटाला चिंच, कोकम, कैरी सगळं चाले. लिंबू म्हटलं की मेष्ट्रु भर जेवणातून उठत. त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या अक्कांना विचारलं, तर त्या कढी वाढता वाढता सुस्कारा सोडत. "माझ्या माहेरी परसात लिंबाचं झाड होतं," एवढंच म्हणत. त्या 'होतं' मध्ये त्यांचा सगळा संसार येई.

घराणं रंगाऱ्यांचं. कुठल्याशा सरदाराच्या फौजेबरोबर, तंबू आणि निशाणं रंगवायला यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी इकडे आले. "शिपाई परत गेले, रंगारी राहिले," मेष्ट्रु सांगत. मागच्या अंगणात पिंपं होती. त्यांत गूळ आणि गंजलेलं लोखंड महिनोन्‌महिने मुरत असे, आणि शेजारी हिरड्याचा काढा उकळे. या दोहोंतून निघे तो काळा रंग. संक्रांतीला नेसायची चंद्रकळा त्या काळ्यात बुडवली, की तिच्यापुढे दुसरं काळं पातळ राखाडी दिसे. घराण्याचं एक वाक्य होतं: "नेसणारी म्हातारी होईल, कापड विरेल, पण आमचा काळा उतरणार नाही." हे वाक्य अक्कांच्या धाकट्या भावाच्या कापडदुकानावर, पाटीवर, ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं. मेष्ट्रुंनी रंगवायचं आणि मेहुण्याने विकायचं, अशी वाटणी होती. त्या वाक्यावर दोन्ही घरांच्या चुली पेटत.

पण मेष्ट्रुंचा खरा धर्म रंगाचा नव्हे. तो रंगीत तालमीचा. नाटकाची शेवटची तालीम पोशाख, पडदे, दिवे यांसकट करतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. मेष्ट्रुंच्या रंगीत तालमीत सगळंच खरं लागे. नाटकात लाडू असला तर तालमीत तुपातला लाडू. नाटकात थोबाडीत असली तर तालमीत खरी थोबाडीत. मेहुणा पूर्वी त्यांच्या नाटकांतला नायक होता. अशी एक थोबाडीत खाऊन तो भर तालमीतून उठला तो कायमचा. तेव्हापासून दोघांत धंद्यापुरतं बोलणं होतं.

नाटकापुरतं असतं तर मी समजू शकलो असतो. हा माणूस आयुष्याच्या रंगीत तालमी घेई! पुतणीचं लग्न होतं, तर आदल्या दिवशी त्याची तालीम. पाठवणीच्या प्रवेशात वधूच्या आईला त्यांनी असं काही रडवलं, की दुसऱ्या दिवशी खऱ्या पाठवणीला त्या बाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हता आणि वरपक्ष कायमचा दुखावला. आणि एकदा मी कचेरीतून घरी आलो, तर ओटीवर मेष्ट्रु आडवे, अंगावर पांढरी चादर, नाकात कापूस, उशाशी दिवा. मी धावत जाऊन त्यांच्या पायांवर पडलो आणि हंबरडा फोडला. एक डोळा उघडला.

"बातमीदार, प्रवेश चुकला. आधी चपला काढायच्या, मग रडायचं."

आतून अक्का म्हणाल्या, "सकाळपासून चाललंय. तुम्ही पाचवे."

मी त्या काळी एका चिमुकल्या संध्याकाळच्या पत्रात बातमीदार होतो. पत्र कानडी, चार पानी. आमचे संपादक सज्जन होते, पण जाहिरात आली की बातमीला खालून कात्री लावत. मग बातमीचं शेपूट कोणत्या जनावराचं होतं, हे वाचकाने ओळखायचं.

अशात निवडणूक आली. आमच्या भागातून एक होमिओपॅथीचे डॉक्टर अपक्ष उभे राहिले. माणूस इतका भिडस्त, की रोग्याला जीभ दाखवा म्हणतानाही लाजत. त्यांना निशाणी मिळाली शिडी. मेष्ट्रुंना वाटलं, देवानेच नेपथ्य पाठवलं. त्यांनी डॉक्टरांचा प्रचार अंगावर घेतला. हे कळताच मेहुण्याने नावेच्या निशाणीवाल्या उमेदवाराचं काम पत्करलं. मग एका सकाळी दुकानाच्या पायरीवर, गिऱ्हाइकांदेखत, दोघांचं जुंपलं.

"भावोजी, तुमची शिडी माळ्यावर ठेवायची वस्तू आहे. मतं ती काय काढणार?"

"आणि तुझी नाव? बंगळुरात नदी कुठंय बा? गटारात सोडणार?"

"पैज लावा."

"लावली. ज्याची निशाणी पडेल, त्याने उत्सवाच्या नाटकाला जन्मात हात लावायचा नाही."

मेहुण्याला नाटक नसलं तरी दुकान होतं. मेष्ट्रुंना नाटक नसलं तर काय उरतं, हे पेटेतलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. मी हादरलो. मेष्ट्रु मात्र प्रवेश रंगल्यासारखे उपरणं झटकून निघाले.

प्रचार त्यांनी असा केला, की तसा पुन्हा मी पाहिला नाही. खरी बांबूची शिडी घेऊन ते गल्लीत शिरत. बैठकांना पुरुष येत. बाया वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून पाहत. मेष्ट्रु शिडी त्या खिडक्यांनाच लावत आणि थेट वर चढून बोलत. पहिल्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना चढवलं. डॉक्टरांना उंचीची भीती होती. ते अर्ध्यावर थांबले, डोळे मिटले आणि एका आजीबाईंच्या खिडकीच्या गजाला मिठी मारून राहिले. आजीबाईंनीच त्यांची नाडी पाहिली. तेव्हापासून चढायचं काम मेष्ट्रुंकडे.

"मतदानाला आलं की करायचं काय?" एका खिडकीतून प्रश्न आला.

"सोपं. आत एक कारकून असेल. त्याला नाव सांगायचं."

"कुणाचं?"

"तुमचं."

खिडकीत खुसखुस झाली. मग ती बंदच झाली. दुसऱ्या खिडकीत तेच, तिसऱ्या खिडकीत तेच. परक्या पुरुषापुढे स्वतःचं नाव घ्यायचं? अमक्याची सून, तमक्याची आई, यापलीकडे कुणी कधी विचारलं नव्हतं. मेष्ट्रु शिडीवरून उतरले ते गंभीर होऊन. घरी आल्यावर त्यांनी मला विचारलं, "बातमीदार, तुम्ही वर्षभर आमच्याकडे जेवता. अक्काचं नाव काय?"

मला ठाऊक नव्हतं. मी खरंच चाट पडलो.

"मलाही घ्यायची सवय नाही," ते म्हणाले. मग त्यांचे डोळे चमकले आणि ते पुढे काय म्हणणार हे मला कळलं. "रंगीत तालीम!"

मतदानाच्या अलीकडच्या रविवारी देवळाच्या पटांगणात ती झाली. त्या काळी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर निशाणीचं चित्र; ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत कागद टाकायचा. मेष्ट्रुंनी बिस्किटांचे तीन पत्र्याचे डबे मांडले. एकावर शिडी, दुसऱ्यावर नाव, आणि तिसऱ्यावर छत्री, कारण तिसरा उमेदवार छत्रीवाला होता. तो गल्लीत एकदाही फिरकला नव्हता. पण रंगीत तालमीत पात्र गाळायचं नाही, हा नियम. निवडणूक अधिकारी म्हणून मला टेबलाशी बसवलं, आवाज मागच्या रांगेपर्यंत पोचतो म्हणून.

"बोटाला लावायला दौतीतली शाई आणू?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खापरपणजोबांना शिवी दिली.

"दौतीतली शाई? रंगीत तालमीत? घरात पिंपं भरलेली असताना?"

तर आमच्या टेबलावर शाईच्या दौतीऐवजी त्या मुरलेल्या काळ्याची वाटी आली.

बाया आल्या, पण रांगेत पहिलं कुणी होईना. मग अक्का पुढे आल्या. त्यांनी पदर नीट केला, माझ्याकडे न बघता टेबलाच्या कडेकडे पाहिलं आणि पुटपुटल्या, "भागीरथी."

"मागच्या रांगेला ऐकू आलं नाही!" देवळाच्या पायरीवरून नवऱ्याचा आवाज आला.

अक्कांनी मान वर केली. काय झालं मला सांगता येणार नाही. पण ती बाई माझ्या डोळ्यांसमोर बोटभर उंच झाली. "भागीरथी!" देवळावरची कबुतरं उडाली. पटांगणात टाळ्या पडल्या. मग काय, एकेक नाव असं खणखणत आलं, की काही नवऱ्यांनाही ती प्रथमच कळली असावीत. मी प्रत्येकीचं डावं बोट वाटीत बुडवलं. पुरुषांचंही. डब्यांपैकी अर्थातच शिडीचाच डबा भरला.

मी या तालमीची बातमी लिहिली. शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं की ही केवळ तालीम. त्या दिवशी दंतमंजनाची जाहिरात आली. संपादकांनी शेपूट कापलं, मथळ्यातला 'तालीम' हा शब्द जागेसाठी काढला, आणि सोमवारी संध्याकाळी बंगळूर शहराने वाचलं: 'पेटेत मतदान शांततेत पार, शिडीला भरघोस मतं.' मतदान बुधवारी होतं! मी अंक हातात घेतला आणि कचेरीच्या जिन्यावरच बसलो.

"उद्या खुलासा टाकू," संपादक म्हणाले.

मंगळवारी खुलाशाच्या जागी केशतेलाची जाहिरात होती.

बुधवारी सकाळी आमची गल्ली सजून निघाली. बाया ठेवणीतल्या चंद्रकळा नेसल्या होत्या. मतदान शाळेत होतं; तिच्या फाटकापासून बाहेरच्या वडापर्यंत रांग लागली, अक्का सर्वांत पुढे. आत मतदान अधिकारी होते, जाड भिंगांचे, कुठल्याशा सरकारी कचेरीतले अत्यंत काटेकोर गृहस्थ. नावेचा प्रतिनिधी म्हणून मेहुणा बाकावर बसला होता. वार्ताहर म्हणून मला दाराशी उभं राहायची मुभा होती, म्हणून पुढचं सगळं मी या डोळ्यांनी पाहिलं.

"नाव?"

"भागीरथी!" अक्का म्हणाल्या. कारकून दचकला.

"डावा हात."

अक्कांनी डावा हात पुढे केला. अधिकाऱ्यांनी भिंगं वर केली, खाली केली. "तुमचं मत देऊन झालंय. बोट काळं आहे."

"ते रविवारचं आहे."

"रविवारी मतदान नव्हतं. पुढे चला."

अक्का हलल्या नाहीत. अधिकाऱ्यांनी त्यांच्यामागची बाई पाहिली. काळं बोट. तिच्यामागची. काळं बोट. ते उठून दारात आले. "सगळ्यांनी डावा हात वर करा!" आणि फाटकापासून वडापर्यंत काळ्या बोटांचं रान उगवलं. अधिकारी मटकन दाराच्या पायरीवर बसले. "हे सगळे," ते क्षीण आवाजात म्हणाले, "कधी मतदान करून गेले?"

मेहुण्याने खिशातून शांतपणे आमचं पत्र काढलं. "सोमवारीच छापून आलंय, सर. मतदान शांततेत पार."

अधिकाऱ्यांनी तारीख पाहिली, मथळा पाहिला, मग मला पाहिलं. "पेपरात काहीही येतं," ते म्हणाले. माझी मान खाली गेली. "पण बोटाला मी काय करू? काळ्या बोटाला कागद देता येणार नाही. नियम आहे."

"तम्मा," अक्का भावाकडे वळल्या. "तुला ठाऊक आहे हे काय आहे. सांग त्यांना."

मेहुण्याने छताकडे पाहिलं. "मी काय सांगणार, अक्का? भावोजींनाच विचार. त्यांचा काळा आहे."

तो 'त्यांचा' असा काही गोड म्हणाला, की मला त्यात काहीतरी आहे असं वाटलं. काय, ते कळेना.

रांग शाळेच्या नळावर धावली. साबण झाला, राख झाली, दगड झाला, खोबरेल झालं. बोटं लाल झाली आणि काळा अधिकच उठून दिसू लागला. मेष्ट्रु हद्दीबाहेर, वडाखाली, शिडी घेऊन उभे होते. सगळी गल्ली त्यांच्याभोवती गोळा झाली.

"मेष्ट्रु, कशाने उतरेल हा?"

"कशानेच नाही," मेष्ट्रु म्हणाले. तीनशे वर्षांची सवय होती ती. तोंडातून आपोआप निघालं. निघाल्यावर त्यांनी डोळे मिटले.

अक्का शाळेतून बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत. ओल्या हाताचं काळं बोट त्यांनी नवऱ्यापुढे धरलं.

"माझं नाव मी दोनदा सांगितलं," त्या म्हणाल्या. "एकदा तुम्ही सांगायला लावलं म्हणून, आणि आज माझं मी. आता परत घरी जाऊन नुसती अक्काच व्हायचं काय?"

मेष्ट्रुंनी त्या बोटाकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे मेहुण्याचं दुकान होतं, तिथे पाटीवर ते वाक्य उन्हात झळकत होतं. मेहुणाही आता फाटकाशी आला होता, आणि हसत होता. कारण त्याला खात्री होती. हा माणूस नाटक गमावेल, निवडणूक गमावेल, पण ते एक वाक्य तोंडातून काढणार नाही.

मेष्ट्रुंनी शिडी वडाला टेकवली. वर चढले. आणि मागच्या रांगेला, फाटकाला, दुकानाला आणि वरच्या प्रत्येक खिडकीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले:

"आमचा काळा उतरतो! लिंबाने उतरतो!"

चिकपेटेत, भर बाजाराच्या वेळी, मला कावळ्यांचा आवाज ऐकू आला. एक हमाल डोक्यावरची गाठ तशीच धरून उभा राहिला.

"भावोजी!" मेहुणा किंचाळला. त्याचं हसू कुठल्या कुठे गेलं होतं. "अय्यो, दुकान बुडवलंत! माझ्या पोराबाळांच्या तोंडचं—"

"चंद्रकळेवर फिकट डाग पडला म्हणून गिऱ्हाईक बाई तुझ्याकडे येते, तिला तू काय सांगतोस ते मला ठाऊक आहे. लोणच्याचा डाग आहे, धुवायला चुकलं. माझा बाप हेच सांगायचा. त्याचा बाप हेच सांगायचा. आणि घरात लिंबू आणू द्यायचे नाहीत, कुणी बघू नये म्हणून. झालं आता! कोपऱ्यावरच्या सरबतवाल्याला बोलवा."

आईचं लिंबू कचऱ्यात का गेलं, ते मला त्या क्षणी कळलं.

सरबतवाला टोपलीसकट आला. पण अधिकारी काटेकोर. ते म्हणाले, सरकारी शाईही लिंबाने उतरत असेल तर? मग त्यांनी सकाळीच मत देऊन आलेल्या स्वतःच्या कारकुनाचं बोट पुढे घेतलं आणि त्यावर अर्धं लिंबू कचकचून घासलं. कारकून कळवळला, शाई जशीच्या तशी. दुसरं अर्धं त्यांनी अक्कांच्या बोटावर घासलं. आधी काळ्याची कड तपकिरी झाली, मग पिवळट, आणि मग खालून अक्कांचं स्वच्छ, गोरं बोट वर आलं.

"सरी," अधिकारी म्हणाले. त्यांनाही हायसं वाटलं होतं. "कागद द्या यांना."

पुढचं दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. काळ्या चंद्रकळा नेसलेल्या बाया, अंगापासून हात जास्तीत जास्त लांब ताणून, पोटं आत ओढून, एकमेकींच्या बोटांवर लिंबं पिळताहेत. आणि एखादा थेंब पदराकडे उडाला की सगळी रांग एका सुरात किंचाळते आहे. एकेक नाव शाळेत घुमत होतं. मेहुणा बाकावर बसून कपाळ चोळत होता. त्याला आता हरकत घ्यायचंही सुचत नव्हतं.

सगळ्यांत शेवटी मेष्ट्रु आत गेले. त्यांनी नाव सांगितलं आणि डावा हात पुढे केला. तो मनगटापर्यंत काळा. अधिकाऱ्यांनी उजवा मागितला. तोही काळा. लिंबू आणलं, घासलं. दुसरं आणलं. कारकुनाने मागचा सूड म्हणून जोर लावला. टोपलीतली होती नव्हती ती लिंबं संपली. कातडीच्या रेघारेघांत, नखांच्या मुळाशी, लहानपणापासून पिंपात हात घालून मुरलेला तो काळा. त्याच्यावर नुसती चकाकी आली.

"मला क्षमा करा," अधिकारी खरोखरच वाईट वाटून म्हणाले. "हे बोट काळं आहे. नियमाने मला कागद देता येत नाही."

मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. ज्याने गल्लीभर लोकांना मत मिळवून दिलं, त्यालाच मत नाही! मी त्यांना सावरायला पुढे झालो. पण मेष्ट्रु आपल्या हातांकडे असे पाहत होते, जणू ते आत्ताच कुणीतरी बक्षीस दिले आहेत. मग ते वळले, धावत फाटकाबाहेर गेले, आणि भर रस्त्यात दोन्ही काळे हात वर करून ओरडले:

"उतरला नाही! अरे मेहुण्या, बघ! नाही उतरला!"

मेहुण्याने बाहेर येऊन ते हात धरले, उलटसुलट करून पाहिले, नखाने खरवडले. आणि त्या दोघांनी, मी शपथेवर सांगतो, चिकपेटेच्या मधोमध एकमेकांना मिठी मारली. मेहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर लिंबाचे ओले पंजे उठले.

आमच्या पत्रात त्यावर मी लिहिलं, आणि त्या दिवशी नेमकी एकही जाहिरात नव्हती, म्हणून ते शेपटासकट छापून आलं. सरकारने ज्या रंगापुढे हात टेकले तो रंग पाहायला शहराच्या पलीकडच्या हलसूरपासून बायका दुकानात येऊ लागल्या.

निकालाचं विचाराल तर शिडी पडली. नावही बुडाली. निवडून आला छत्रीवाला, ज्याने आमच्या गल्लीत पाऊल ठेवलं नव्हतं आणि ज्याचं नाव आमच्या पत्राने पूर्ण निवडणुकीत एकदाही छापलं नव्हतं. संपादक दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. पैज अशी की ज्याची निशाणी पडेल त्याने नाटकाला हात लावायचा नाही, आणि पडल्या दोघांच्याही. तेव्हा त्या वर्षीचं उत्सवाचं नाटक अक्कांनी बसवलं. मेष्ट्रु आणि मेहुणा पहिल्या रांगेत शेजारी शेजारी, हातांची घडी घालून बसले होते, आणि दर चुकीला एकमेकांना कोपर मारत होते. हात लावला नाही, हे मात्र खरं.

पण माझ्या मनात राहिली आहे ती मतदानाच्या दिवसाचीच दुपार. आम्ही जेवायला बसलो होतो. मेष्ट्रु अजून तोऱ्यात होते; दर घासाला हात उलटा करून पाहत होते. अक्कांनी वरणभात वाढला, तूप वाढलं. मग कनवटीला हात घातला आणि एक लिंबू काढलं. त्या घरात! विळीवर चिरलं. वास स्वयंपाकघरभर पसरला. मेष्ट्रुंचा घास हातातच थांबला. माझाही.

"हे काय?" ते कसेबसे म्हणाले.

"लिंबू," अक्का म्हणाल्या. "उतरत नाही ना तुमचा? मग भिता कशाला?"

मेष्ट्रुंनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. ते बराच वेळ आपल्या काळ्या हातांकडे, मग बायकोच्या स्वच्छ बोटाकडे, त्यावरच्या सरकारी शाईच्या ताज्या ठिपक्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ताट पुढे सरकवलं.

"पिळ, भागीरथी," ते म्हणाले. "पण स्वल्प."